मुलगी छान आहे, पण आम्ही कोट विकतो

माणसाचा फोटो काढणं वेगळं आणि माणसाने घातलेल्या कपड्याचा फोटो काढणं वेगळं, हे मला कुणी आधी सांगितलंच नाही, असं मी हल्ली भेटेल त्याला सांगतो. ते खरं नाही. सगळ्यांनी सांगितलं होतं. बायकोने सांगितलं, समोरच्या काकांनी सांगितलं, कोपऱ्यावरच्या पार्लरवालीने तर मी विचारलेलं नसताना सांगितलं. पण ज्या माणसाला पोर्ट्रेटसाठी छायाचित्र मंडळाचं तिसरं बक्षीस मिळालं आहे, त्याने पार्लरवालीचं ऐकायचं म्हणजे काय, तुम्हीच सांगा. त्या स्पर्धेत तिघांनीच भाग घेतला होता, ही माहिती बायको पाहुण्यांना आपण होऊन पुरवते. उरलेले दोघे किती तयारीचे होते ते मात्र सांगत नाही.

तर त्याचं असं झालं. आमची ही शिवणकाम करते. इतकी वर्षं ती लोकांचं शिवलेलं उसवून पुन्हा शिवत आली. कुणाची बाही आखूड कर, कुणाची कंबर सैल कर, कुणाची चेन बदल. थोडक्यात, परक्या कपड्यांची डागडुजी. यंदा मात्र तिने स्वतःच्या मनाने एक कोट शिवला. बायकांसाठी, गडद राखाडी, गुडघ्याच्या खाली येणारा, आणि त्याला खिसे. खिसे म्हणजे बायकांच्या कपड्यांना नावाला फट ठेवतात तसले नव्हेत. हात मनगटापर्यंत आत जाईल आणि तरी किल्ल्या, चष्मा, मोबाइल यांना जागा उरेल असे खिसे. तो कोट घेऊन ती मोठ्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गेली. तिथे खरेदीबाई म्हणून एक असतात. दुकानात काय यायचं आणि काय नाही ते त्या ठरवतात. त्यांनी कोट उलटा करून आतल्या शिवणी पाहिल्या, खिशात हात घालून पाहिला, आणि म्हणाल्या की काम उत्तम आहे, पण हँगरवरून काही कळत नाही, अंगावरचे फोटो आणा. पसंत पडले तर या हंगामात कोट दर्शनी काचेत लावू.

ही घरी आली आणि पर्स खांद्याला तशीच अडकवून स्वयंपाकघरात उभी राहिली. काय झालं विचारलं तर ओट्याकडे बघत म्हणाली, "आत माझ्या नावाची पट्टी लागेल हो. माझ्या नावाची." एवढंच बोलली आणि पाणी प्यायली.

मी म्हणालो, कॅमेरा घरात, फोटोग्राफर घरात, बाहेर कशाला बघायचं? ती माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं कौतुकाचं नव्हतं हे माझ्या आत्ता लक्षात येतं आहे.

घालून उभं राहायला माणूस मिळायला अडचण नव्हती. आमच्या वरच्या मजल्यावर कॉलेजात जाणारी एक उंच मुलगी राहते. सगळी इमारत तिला लांबी म्हणते आणि तीही त्या नावाला ओ देते. कोट तिला अंगासरसा बसला नाही, पण उंचीला शोभला. आता माझी एक पद्धत आहे. मी माणसाला खिडकीशी खुर्चीत बसवतो, उजेड एका गालावर घेतो, आणि कॅमेऱ्याकडे न बघता गप्पा मारत राहतो. माणूस बोलता बोलता स्वतःला विसरतो आणि मग त्याचा खरा चेहरा वर येतो. विमा कचेरीतले आमचे खजिनदार, जे पगार देतानाही हसत नाहीत, ते माझ्या एका फोटोत जवळजवळ हसले आहेत. लांबीही बोलायला लागली. बोलता बोलता तिने सांगून टाकलं की तिला इंजिनिअर व्हायचं नाही, ट्रम्पेट वाजवायचा आहे, आणि हे अजून घरी माहीत नाही. दर रविवारी गच्चीवरून जो आवाज येतो आणि ज्याबद्दल काकांनी पाणीपुरवठा खात्याकडे तक्रार केली आहे, तो तिचा होता. हे सांगताना तिचे डोळे असे काही चमकले की मी धडाधड बटण दाबत सुटलो.

फोटो मी मोठे करून पाहिले. काय ते डोळे! पापणी न् पापणी वेगळी दिसत होती. त्या चेहऱ्यात भीती होती, हट्ट होता, आणि ट्रम्पेटसुद्धा होता असं मला वाटलं. हनुवटीच्या खाली काहीतरी राखाडी पसरलेलं होतं.

"छान आलीय ती," ही म्हणाली. "खरंच छान आलीय. कोट कुठाय?"

मी तिला समजावून सांगितलं की पोर्ट्रेटमध्ये नजर चेहऱ्यावर ठरावी म्हणून बाकीचं मुद्दाम धूसर ठेवतात. त्यावर तिने शांतपणे विचारलं, "कोट म्हणजे बाकीचं का?" मी म्हणालो की कलेत असा हिशेब नसतो. त्या खरेदीबाई रोज शेकडो फोटो बघणाऱ्या, त्यांना नजर असणार. त्या फोटोची जात ओळखतील. आणि माझ्या या बोलण्यावर विश्वास ठेवून माझी बायको ते फोटो घेऊन दुकानात गेली. मीही बरोबर गेलो. कौतुक ऐकायला कुणीतरी हवंच होतं.

खरेदीबाईंनी फोटोची जात ओळखली. एकेक फोटो हातात धरून खूप वेळ पाहिला. लांबीची चौकशी केली. मग फोटो नीट एकावर एक रचून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "मुलगी छान आहे. पण आम्ही कोट विकतो."

मग त्यांनी मला एक जाडजूड पुस्तक उघडून दाखवलं, नुसत्या कपड्यांच्या फोटोंचं. त्यातल्या बायका भिंतीला टेकून कुठेतरी लांब बघत होत्या आणि एकीच्याही मनात काय आहे ते कळत नव्हतं. बाई म्हणाल्या, हेच तर हवं. खांद्याची शिवण कुठे बसते, कापड कसं पडतं, खिसा कुठे येतो, खालची कड कुठे थांबते ते दिसलं पाहिजे. हे फोटो बघून बाईच्या मनात येतं की हा कोट मी घातला तर कशी दिसेन. तुमचा फोटो बघून मनात येतं की ही मुलगी कोण असेल बिचारी. हिला त्यांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. सोमवारी काच सजवायला घेणार होते, आणि दुसऱ्या एका शिवणाऱ्याचाही कोट त्यांच्या मनात होता.

येताना ही रस्ताभर एक शब्द बोलली नाही. माझी बायको रागावली की बोलते. ती गप्प झाली की मला काही सुचत नाही.

बातमी पसरायला आमच्या जिन्यात वेळ लागत नाही. समोरच्या काकांनी मला दारातच गाठलं. काकांचा कपड्यांशी संबंध एवढाच की ते कपडे घालतात, पण त्यांना ज्या विषयातलं कळत नाही असा विषय अजून निघायचा आहे. ते म्हणाले, फॅशन म्हणजे हसायचं नाही. चेहरा कसा हवा? कुणीतरी आपल्या पायावर पाय दिलाय, पण ते सांगणं आपल्याला कमीपणाचं वाटतं, असा. पार्लरवाली म्हणाली, गालाची हाडं वर आली पाहिजेत. लांबीला गालाची हाडं नव्हती, म्हणजे दिसण्यासारखी नव्हती, तर तिने ती रंगाने काढून दिली. उजवीकडचं हाड डावीकडच्यापेक्षा वर निघालं आणि मुलगी एका बाजूला झुकल्यासारखी दिसू लागली. ते सारखं करायला गेली तर डावीकडचं वर गेलं.

दुसरी अडचण जागेची. माझा सगळा जन्म माणसाच्या जवळ जाण्यात गेला. पूर्ण कोट चौकटीत घ्यायचा तर लांब जायला हवं, आणि आमच्या खोलीत मी मागे सरकत सरकत कपाटाला टेकलो तेव्हा कुठे कोटाचा खालचा खिसा दिसायला लागला. कड दिसायची तर मला भिंतीपलीकडे, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहणं भाग होतं. मग काकांनीच तोड काढली. लांबी आमच्या दारात उभी राहील, काकांचं दार उघडं ठेवायचं, आणि मी त्यांच्या दिवाणखान्याच्या पार टोकाला, त्यांच्या जेवणाच्या टेबलाखाली बसून फोटो काढायचे. मधून जिना जातो ही एक बारीक गोष्ट आम्ही विसरलो होतो. पहिल्या फोटोत पोस्टमन आला. दुसऱ्यात गॅसची टाकी घेतलेला माणूस आला, आणि खरं सांगायचं तर त्याचा चेहरा इतका बोलका होता की पुढचे सगळे फोटो मी त्याचेच काढले. हे काकांनी टेबलाखाली वाकून हिला मोठ्याने कळवलं.

"उद्या बागेत जाऊ," मी घाईघाईने म्हणालो. "तिथे मोकळी जागा आहे, दगडी पायऱ्या आहेत, उजेड आहे."

बाग सार्वजनिक आहे. म्हणजे तिथे कुणीही जावं, बसावं, आडवं व्हावं. पण मी कॅमेऱ्याची तिपाई उघडली मात्र, झुडपातून उगवल्यासारखा पहारेकरी पुढे आला. तो म्हणाला, कॅमेरा हातात असेल तर आठवण, तिपाईवर असेल तर धंदा. धंद्याला परवानगी लागते. चला साहेबांकडे.

साहेब बागेच्या कचेरीत कुंड्यांच्या मधे बसले होते. त्यांनी विचारलं, फोटो कौटुंबिक की व्यावसायिक? मी म्हणालो, कलात्मक. ते म्हणाले की तसा प्रकार नियमांत नाही. मग त्यांनी सोपं करून विचारलं, फोटो माणसाचा आहे की कपड्याचा?

आता बघा. इतके दिवस सगळे माझ्या मागे लागले होते की माणसाचा काढू नका, कपड्याचा काढा. आणि मी पहिल्यांदाच मान्य करून, पोर्ट्रेटचा विचारसुद्धा मनातून काढून टाकून, छाती पुढे करून म्हणालो, "कपड्याचा." साहेब म्हणाले की मग व्यावसायिक. अर्ज मुख्य कचेरीत जाईल, तीन आठवड्यांत उत्तर येईल. मी लगेच म्हणालो की तसा माणसाचाही आहे. साहेबांनी कोट घातलेल्या लांबीकडे बघून विचारलं, ही तुमची कोण? मी म्हणालो, वरच्या मजल्यावरची. हे नातं त्यांनी मानलं नाही. घरच्या माणसाचा फोटो कौटुंबिक, त्याला तिपाई चालते आणि काही द्यावं लागत नाही. मात्र चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे आणि पहारेकरी तो बघून खात्री करेल. हा चेहऱ्याचा नियम कशासाठी, तर मागे एकाने आपल्या सख्ख्या आत्याला कारंज्याजवळ बसवून सोफ्याची जाहिरात काढली होती. आत्याचे नुसते गुडघे आले होते.

लांबीने कोट काढून हिच्या हातात दिला आणि क्लासला निघून गेली. आम्ही दोघं बागेच्या फाटकाबाहेर उभे राहिलो. रविवार होता, म्हणजे मुदत संपतच आली होती. घरचं माणूस कुठून आणायचं याचा मी विचार करू लागलो. माझी बहीण परगावी, मेहुणी हिच्या दुप्पट रुंद. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. ही माझ्या शेजारी कोट हातावर घेऊन उभी होती, आणि मला दिसत नव्हती. दिसली तेव्हा तिनेच तोंड उघडलं होतं.

"मी घालते," ती म्हणाली. "पण माझं तोंड नाही यायचं."

मी म्हणालो, अगं, पण का? ती म्हणाली, "शिवणारीच घालून उभी राहिली असं दिसलं तर म्हणतील, हिच्याकडे माणसंच नाहीत. आणि माझं तोंड काय बघायचंय? कोट बघू दे त्यांना. मानेपासून खाली काढा."

म्हणजे परिस्थिती अशी होती. साहेबांचा हुकूम की चेहरा दिसलाच पाहिजे, बायकोचा हुकूम की चेहरा दिसता कामा नये. आणि मी कोण, तर चेहऱ्यासाठी तिसरं बक्षीस मिळालेला माणूस. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर तिपाई मिटून सरळ घरी गेला असता. मी गेलो नाही, कारण घरीही हीच असणार होती.

कोट लांबीच्या उंचीचा, आमची ही मध्यम बांध्याची. तिने फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून खालची कड आतून दुमडून टाचली. मागचं सैल कापड आवरायला तिच्या पिशवीत वाळत घालायचे चिमटे होते; फोटोत पाठ दिसत नाही, त्यामुळे फॅशनवाले सर्रास असंच करतात हे ती जाडजूड पुस्तकवाल्या बाईंकडून ऐकून आली होती. मी तिच्या पाठीला वरपासून खालपर्यंत चिमट्यांची रांग लावली. समोरून बघाल तर मापात शिवलेला कोट, मागून बघाल तर वाळत घातलेली बाई. पायऱ्यांपर्यंत चालत जाताना सगळ्या बागेने आपली माणुसकी दाखवली. फिरायला आलेल्या आजोबांनी सांगितलं, ताई, पाठीला चिमटे राहिलेत. बाबागाडीवालीने सांगितलं. पळणाऱ्या एकाने पळता पळता सांगितलं आणि वळसा घालून परत येऊन पुन्हा सांगितलं. ही प्रत्येकाला धन्यवाद देत लालबुंद होत पायऱ्यांवर पोचली.

पहारेकरी समोरच्या बाकावर येऊन बसला. पहिला फोटो मी त्याच्यासाठी काढला, चेहऱ्यासकट. त्यात हिने डोळे मिटले आहेत आणि ओठ आत ओढून घेतले आहेत. पहारेकऱ्याने पडद्यावर तो बघितला, वहिनी छान आल्यात म्हणाला, आणि परत बाकावर जाऊन बसला. मग मी कॅमेरा गुपचूप खाली झुकवला.

मानेखालीही ती तशीच उभी होती. हात अंगाला चिकटलेले, खांदे कानांजवळ, कोट जणू इस्त्रीच्या टेबलावर घातला आहे. कोटाची शिवण दिसत होती, कड दिसत होती, खिसे दिसत होते, सगळं पुस्तकातल्यासारखं होतं आणि कुणीही तो कोट विकत घेतला नसता. मी काढत गेलो आणि उजेड उतरत गेला. ती मधेच म्हणाली, "राहू द्या. नाही जमायचं. दुसऱ्याचा लावतील ते." आवाज साधाच होता. पट्टीवरचं नाव माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

मला फॅशन येत नव्हती. येत होतं ते एकच, गप्पा मारणं. मी कॅमेऱ्यामागून विचारलं, "काय गं, खिसे एवढे मोठे का केलेस?"

ती म्हणाली, सांगितलंय की. मी म्हणालो, नाही सांगितलं. आणि खरंच, तिने सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मग ती बोलायला लागली. म्हणाली की इतक्या बायका कपडे घेऊन येतात, माप घेताना सगळ्यांच्या हातात काहीतरी असतं. किल्ली, रुमाल, पैसे, पोराची टोपी. माप घ्यायला हात वर करा म्हटलं की त्यांना कळत नाही हातातलं कुठे ठेवायचं. काही जणी दातांत धरतात. बायकांच्या अंगावर जागाच ठेवलेली नाही कुणी. मीपण टाचण्या तोंडात धरते. "म्हटलं, एक तरी कपडा असा करू की बाईला वाटेल, आता माझे हात रिकामे आहेत." हे म्हणताना तिने दोन्ही हात खिशांत घातले. खांदे खाली आले. मशीनच्या पायट्यावरचा जो पाय असतो त्यावर भार गेला, डावा खांदा थोडा उतरला, आणि दिवसभराचं काम संपवून ती दारात उभी राहते तशी ती त्या पायरीवर उभी राहिली. मी चेहरा पाहिला नाही. मी खांद्याची शिवण पाहिली, कापड पाहिलं, कड पाहिली, आणि बटण दाबलं.

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून आवाज आला, "यात वहिनींचा चेहरा कुठाय?" पहारेकरी कधी उठून मागे आला होता कळलं नाही. मी म्हणालो, चुकून गेला वाटतं, अजून शिकतोय. तो मला दया येऊन म्हणाला, जमेल हळूहळू. मघाचा चांगला आलाय, तोच ठेवा.

सोमवारी खरेदीबाईंनी तो फोटो हातात धरला. ही टेबलापलीकडे उभी, मी खुर्चीत. बाईंनी फोटो लांब धरला, जवळ धरला. मग विचारलं, "मॉडेल कोण?"

ही चटकन म्हणाली की बाहेरून बोलावली होती. मी छताकडे बघितलं. बाई म्हणाल्या, उभी छान राहते. पुढच्या वेळीही हीच बोलवा. यावर माझी बायको अतिशय गंभीरपणे म्हणाली, "बघते. तिला वेळ असला तर."

त्याच आठवड्यात काच सजली. आम्ही संध्याकाळी बघायला गेलो. मला वाटलं होतं, वहीच्या पानाएवढा फोटो असेल कोपऱ्यात. तर तो माणसाच्या उंचीचा करून मधोमध उभा केला होता. शेजारी पुतळ्याला खरा कोट घातला होता आणि त्याची कॉलर मुद्दाम उघडून ठेवली होती, म्हणजे आतली पट्टी दिसावी. हिने काचेला नाक लावून पट्टी वाचली. मग पुन्हा वाचली. फोटोखाली फोटोग्राफरचं नाव शोधायला मी दोनदा वाकलो, ते नव्हतं. पण ते राहू द्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मला इतका आनंद झाला होता की कॅमेरा घरी राहिल्याची हळहळसुद्धा वाटली नाही.

काचेपुढे माणसं थांबत होती. त्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारी भाजीवाली होती, रिकाम्या टोपल्या घेऊन घरी निघालेली. तिने फोटोकडे एकदा बघितलं आणि सरळ हिच्याकडे वळून म्हणाली, "अगं, ही तूच की."

हिचा चेहरा उतरला. "कशावरून? तोंड कुठे दिसतंय?"

"तोंड कशाला हवं? मशीनवरून उठून दारात येतेस तेव्हा अशीच उभी राहतेस. रोज बघते मी."

तेवढ्यात पार्लर बंद करून पार्लरवाली आली. तिला कुणी काही सांगितलं नाही. तीही म्हणाली, या आपल्या शिवणवाल्या ताई ना? अनोळखी माणसं फोटोकडे बघून हिच्याकडे बघायला लागली. ही माझ्या मागे सरकली. आणि हा सगळा गलका ऐकून दुकानाच्या दारात कोण आलं असेल, तर खरेदीबाई.

त्यांनी फोटोकडे बघितलं, मग हिच्याकडे. मला दरदरून घाम फुटला. शिवणारीच घालून उभी होती, वर खोटंही बोलली. आता पट्टी निघणार, पुतळा उघडा पडणार. बाई म्हणाल्या, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही माझ्या टेबलासमोर अशाच तर उभ्या होतात." आणि हसल्या. मग भाजीवालीला त्यांनी विचारलं, कोट कसा वाटतो? भाजीवालीने पहिल्यांदाच कोटाकडे नीट बघितलं आणि खिसे खरे आहेत का विचारलं.

तेव्हा आमची ही माझ्या मागून पुढे आली. जिला तोंड दाखवायचं नव्हतं ती भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात बोलली. "खरे आहेत. मी शिवलेत. आणि हो, मीच आहे ती." मग माझा दंड धरून मला पुढे ओढलं. "फोटो यांनी काढलाय."

तिसऱ्या बक्षिसाच्या वेळीसुद्धा मला असं कुणी पुढे ओढलं नव्हतं. मी शर्टाची कॉलर सरळ केली. सगळे माझ्याकडे बघू लागले. भाजीवालीने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं, पुन्हा एकदा काचेतल्या फोटोकडे पाहिलं, आणि माझं मन मोडू नये अशा बेताने म्हणाली, "छान काढलाय हो दादा. डोकं तेवढं राहिलं."